शेवटच्या कडव्यापर्यंत

नजमा तांबोळीबाईंना "छान झालंय गाणं" म्हटलेलं अजिबात खपायचं नाही. छान म्हणणारा माणूस एकतर घाईत असतो, नाहीतर त्याला काहीतरी मागायचं असतं, असं त्यांचं ठाम मत. स्वतः लिहिलेलं, स्वतःच चाल लावलेलं नवं गाणं त्या मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आम्हाला ऐकवायच्या. मांडीवर वडिलांचा जुना बुलबुलतरंग असायचा. शेवटची तार थरथरायची थांबायच्या आतच मान वर करून विचारायच्या, "हां, आता सांगा. कुटं कंटाळा आला?"

मी पिरंगुटच्या त्या शाळेत गणित शिकवायला नवीनच लागले होते, तेव्हा पहिल्यांदा हा प्रश्न माझ्यावर आला. मी आपली शहाण्यासारखी म्हणाले, "कुठंच नाही." बाईंनी बुलबुलतरंग पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "मंग तुमी ऐकलंच न्हाई." त्यानंतर चार-दोन दिवस त्यांच्या डब्यातली सुकटाची चटणी माझ्या वाट्याला आली नाही. शेवटी मी शरण गेले आणि सांगून टाकलं की दुसऱ्या कडव्याला मी घरचा गॅस बंद केला का ते आठवत होते. बाई एकदम खूश! "बगा! मला बी तितंच ढिलं वाटत व्हतं." ते कडवं त्यांनी तिथल्या तिथं उडवलं आणि चटणीचा डबा माझ्यापुढं सरकवला.

बाई भूगोल शिकवायच्या. अंगानं ठेंगण्या, पण आवाज असा की शेजारच्या वर्गातल्या मुलांचाही भूगोल पक्का व्हायचा. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढताना त्या आधी मुळशीचं धरण काढायच्या आणि मग त्याच्याभोवती उरलेला महाराष्ट्र बसवायच्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, धरण जरा मोठं झालंय का?" बाई म्हणाल्या, "साहेब, जवळून पाहिलं की मोठंच दिसतं." साहेबांनी शेरा चांगला दिला.

धरणाच्या काठाला बाईंचं माहेर होतं. वडील भातशेती करायचे आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत बुलबुलतरंग वाजवायचे. ते गेल्यावर वाद्य बाईंकडे आलं, खाचरं थोरल्या भावाकडे राहिली. हा भाऊ म्हणजे हमीददादा मुलाणी. पिरंगुटच्या बाजारात त्यांचं सिमेंट-पत्र्याचं दुकान होतं. मुळशीकडे वीकएंडची घरं वाढत गेली, तसतशी त्यांच्या दुकानाची पाटीही रुंद होत गेली. माणूस मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा, बहिणीवर जीव टाकणारा. दर रविवारी बाई माहेरी जायच्या, कारण अम्मी तिथंच राहायची. दादा त्यांच्यासाठी धरणावरून ताजी मासळी आणून ठेवायचे आणि काटे काढून द्यायला बसायचे. पन्नाशीला आलेल्या बहिणीला काटे काढून देणारा भाऊ मी दुसरा पाहिला नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढची हकिगत ऐकून तुम्ही त्यांना खलनायक ठरवून मोकळे व्हाल.

बाईंचा पहिला अल्बम मी यायच्या आधी झाला होता. तो शुद्ध भाषेत होता. त्यात चंद्र होता, तारे होते आणि एक नौकाही होती. कुणीही तो ऐकला नाही, आणि बाईंना त्याचं दुःखही नव्हतं. "बरं झालं," म्हणायच्या. "हितं सहा म्हयने धुकं आन् पाऊस. चंद्र मी तरी कुटं बघितलाय?" दुसरा अल्बम करायचा तर आपल्या बोलीत करायचा, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. त्याचं नाव 'हितलं तितलं'. त्यात पौड रोडच्या सिटी बसवर एक गाणं होतं, कंपनीतून सुटलेल्या बायकांवर एक होतं, आणि एक होतं 'घडीची साडी'.

रेकॉर्डिंग बावधनला, एका फ्लॅटच्या मागच्या खोलीत होतं. मी बावधनलाच राहते, म्हणून बाईंनी मला राखणीला नेलं. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट फार अदबीचा होता. 'घडीची साडी' एकदा म्हणून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, 'हाय'च्या जागी 'आहे' करून बघायचं का? जास्त लोकांपर्यंत पोचेल." बाईंनी मान डोलावली आणि गाऊन दाखवलं, 'बांध आहे तिथेच आहे.' दोनच ओळी झाल्या. मग कानावरचं काढून ठेवलं. "आता ह्ये गाणं चप्पल भायेर काढून कोचाच्या टोकावर बसलंय," त्या म्हणाल्या. "त्याला म्हनावं नीट मांडी घालून बस." रेकॉर्डिस्ट हसला आणि पुन्हा 'हाय' झालं.

परत येताना रिक्षात बाईंनी बुलबुलतरंग मांडीवर घेतला. मग आपण होऊन म्हणाल्या, "ही साडी खरी हाय बरं का, साळुंखेबाई."

अब्बा गेल्यानंतर वर्षभरानं, ईदच्या आधी, हमीददादा हिरव्या काठाची साडी घेऊन आले होते. सोबत कागद होता. दुसऱ्या दिवशी सरकारी कचेरीत जाऊन बाईंनी सही केली आणि अब्बांच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून दिला. याला हक्कसोड म्हणतात. भाऊ साडीचोळी घेऊन येतो आणि बहीण सही करते. कायद्यानं काय मिळतं ते सगळ्यांना माहीत असतं, पण जी बहीण सही करत नाही तिला माहेरचं दार बंद होतं, हेही सगळ्यांना माहीत असतं. या बाबतीत हिंदू आणि मुसलमान यांच्यात इतका एकोपा आहे की बघत राहावं. मीसुद्धा कराडकडे जाऊन सही करून आले आहे. मला पैठणी मिळाली होती, म्हणजे आमच्याकडचा भाव जरा बरा होता.

"दादा वाईट न्हाई वो," बाई म्हणाल्या. "त्याला ठावंच न्हाई की त्यानं काय घेतलं. त्याला वाटतं, त्यानं साडी दिली."

"मग त्यांना सांगा की तोंडानं."

"तोंडानं बोलाया गेलं की भांडण व्हतं. म्हनून तर लिवलं."

म्हणजे बाईंना अल्बम जगासाठी काढायचा नव्हताच. त्यांना एकच श्रोता हवा होता, आणि तो सिमेंटच्या गोण्यांमध्ये बसला होता. बाकी सगळं जग आपोआप वाटेत आलं.

दिवाळीच्या तोंडावर 'हितलं तितलं' सगळ्यांच्या मोबाईलवर आला आणि आमच्या शाळेत कुणाचं कामात लक्ष लागेना. कुणी किती वेळा ऐकलं, कुणाच्या नणंदेनं कुणाला पाठवलं, याचीच चर्चा. सिटी बसमध्ये कुणीतरी बसचं गाणं लावलं, तर कंडक्टरनं आवाज वाढवायला सांगितला म्हणे. आणि रविवारी कळस झाला. पुण्याच्या पेपरात अल्बमवर चांगलं दोन रकान्यांचं परीक्षण छापून आलं, फोटोसकट! सोमवारी मोठ्या बाईंनी ते स्टाफरूममध्ये उभं राहून वाचलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या एरवी फक्त परिपत्रकं वाचायच्या, त्यामुळे परीक्षणालाही तोच सूर लागला.

समीक्षकांनी एकंदरीत पाठ थोपटली होती. बोलीचा खडबडीतपणा कानाला जरा बोचतो, बसच्या गाण्यात काव्य कमी आणि गर्दी जास्त आहे, असं म्हणून झाल्यावर त्यांनी 'घडीची साडी'वर मात्र स्तुतीचा वर्षाव केला होता. भावाबहिणीच्या निर्मळ नात्याचं इतकं हळवं गाणं अलीकडे झालं नाही. माहेरच्या विहिरीचं पाणीही आपलं मानणारी बहीण आणि तिला साडी देऊन धन्य होणारा भाऊ. वाचताना मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई मात्र पेपर हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाचत होत्या. "ह्यो मानूस शेवटच्या कडव्यापतूर गेलाच न्हाई," त्या म्हणाल्या.

खरं होतं ते. गाण्याचं पहिलं कडवं असं होतं:

बंधू माझा गं आला, दारी गाडी लागली,
हिरव्या काठाची साडी, माझ्या हाती ठेविली.
म्हनं, बाई, तुला न्हाई काय कमी माहेरी,
हिरीचं पानी तुझंच, तुझीच गं वसरी.

इथपर्यंत ऐकलं की कुणाचेही डोळे पाणावतील. समीक्षकांचेही पाणावले असणार, आणि मग त्यांनी डोळे पुसून लिहायला घेतलं असणार. साडीच्या घडीतला कागद निघतो तो पार शेवटी.

पुढं जे झालं त्याची बाईंनीही कल्पना केली नव्हती. परीक्षणाचा फोटो तालुकाभर फिरला आणि भाऊबीज आली. मुळशीतल्या यच्चयावत भावांनी 'घडीची साडी'चं पहिलं कडवं आपल्या स्टेटसला ठेवलं! ओवाळतानाचा फोटो, पाटावर साडी आणि मागं बाईंचा आवाज. ज्यांनी गेल्याच वर्षी बहिणींच्या सह्या घेतल्या होत्या त्यांनी ठेवलं. ज्यांना पुढल्या महिन्यात घ्यायच्या होत्या त्यांनीही ठेवलं. एका पुढाऱ्यानं तर गाडीवर स्पीकर लावून गावातून फिरवलं. आणि बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या. ओवाळताना तबक हलत होतं, इतक्या हसत होत्या.

मी आमच्या शाळेतल्या कोंडाबाईंना विचारलं, "पुरुषांना कसं कळलं नाही हो? आणि बायकांना कसं कळलं?" कोंडाबाई शाळेची झाडलोट करायच्या, घंटा द्यायच्या आणि सगळ्यांच्या घरातलं सगळं त्यांना ठाऊक असायचं. त्या म्हणाल्या, "आवो, बापयांच्या हातात मोबाईल असतो. जरा ऐकलं की अंगठ्यानं सारलं म्होरं. बायांचं हात पिठात. मोबाईल तिकडं फळीवर. त्यो वाजतोय तवर ऐकावंच लागतंय की." संगीताच्या समीक्षेवर मी यापेक्षा नेमकं काही ऐकलेलं नाही.

या सगळ्यात सगळ्यात जास्त आनंद झाला होता हमीददादांना. परीक्षणाची मोठी प्रत काढून त्यांनी दुकानात लावली. सिमेंट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी गाणं ऐकावं लागे, म्हणजे तेवढंच पहिलं कडवं. "ही साडी मीच दिली व्हती बरं का!" असं छाती पुढं काढून सांगायचे. आणि मग त्यांनी जाहीर केलं की माहेरच्या गावात बहिणीचा जंगी सत्कार करायचा. भात काढून मोकळ्या झालेल्या खाचरात मांडव घालायचा, गावजेवण द्यायचं, आणि सगळ्यांसमोर बाईंनी तेच गाणं म्हणायचं. फ्लेक्सही लागले. त्यावर 'मुळशीची कोकिळा' असं लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, "कोकिळा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालती. मला निदान साळुंकी तरी करायचं."

वरवर थट्टा चालली होती, पण त्या आठवड्यात बाई नीट जेवत नव्हत्या. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही बसचं गाणं म्हणा ना. सगळ्यांना आवडतं. उगीच रंगाचा बेरंग कशाला?" कोंडाबाई म्हणाल्या, "म्हना वो बिनधास. व्हईल ते व्हईल." बाई माझ्याकडं वळल्या.

"मला भ्या वाटतंय, साळुंखेबाई," त्या म्हणाल्या. "त्याला गाणं इतकं आवडलंय. तसंच ऱ्हाऊ दिलं तर तो जलमभर कौतुक करील माझं. आन् शेवटचं म्हटलं तर... अम्मी तितं हाय. त्यानं दार लावलं तर मी आयतवारी जाऊ कुटं?"

मी म्हणाले, "आमच्याकडं या. पण मासे मला येत नाहीत करायला." त्या जराशा हसल्या.

सत्काराच्या दिवशी दुपार टळल्यावर आम्ही सगळ्या बायका टेम्पोनं गेलो. खाचरात भाताचे कापलेले बुडखे तसेच होते, त्यावर सतरंज्या टाकल्या होत्या. बसलं की टोचायचं. पुढं खुर्च्यांवर पुरुष, सरपंच, दादांची दुकानाची मंडळी. डाव्या अंगाला बायका. सगळ्यांत पुढं अम्मी, आणि तिच्याजवळ हमीददादांची बायको, जिला बाई भाभी म्हणायच्या. व्यासपीठावर टेबलावर शाल, नारळ आणि नवीकोरी साडी. ती साडी पाहून कोंडाबाईंनी माझ्या कुशीत कोपर मारलं.

बाईंनी बुलबुलतरंग मांडीवर घेतला. पहिलं कडवं झालं आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट. हमीददादा तर उठून उभेच राहिले. गाणं एवढंच असतं अशी त्यांची समजूत होती. डोळे पुसत त्यांनी शाल उलगडली आणि ती बहिणीच्या खांद्यावर घालायला पुढं झाले.

बाईंनी वाजवणं थांबवलं नाही. फक्त मान वर केली आणि माइकमध्येच म्हणाल्या, "दादा, बस. अजून हाय."

लोक हसले. दादाही हसले आणि उलगडलेली शाल तशीच हातात धरून बसले. मधली दोन कडवी झाली. बाईंचा आवाज पहिल्यांदा जरा कापला, मग मोकळा झाला. आणि शेवटचं कडवं आलं.

साडीच्या घडीमंदी व्हता कागद ठेविला,
सही केली, च्या पाजला, बंधू माझा उठला.
सणाच्या दिशी गं बाई, घडी तिची मोडली,
बांध हाय तितंच हाय, वाट माझी मोडली.

तार थांबली. टाळी नाही. खुर्च्यांवरची मंडळी एकमेकांकडे न बघता समोर बघत होती. सरपंचांनी मोबाईल काढला आणि त्यात काहीच नसताना तो बघत बसले. मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात पुढून अम्मीचा आवाज आला. म्हातारीचा आवाज तो, पण खणखणीत. "पुन्यांदा म्हन."

बाईंनी पुन्हा धरलं. आणि पहिल्या ओळीला भाभी गाऊ लागली. मग तिच्या मागची, मग तिच्या मागची. सगळं डावं अंग गात होतं! अख्खं कडवं, एक शब्द न चुकता. कुणालाही शिकवावं लागलं नव्हतं. मी गणिताची बाई, सूर कशाशी खातात मला माहीत नाही, पण मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते आणि माझे डोळे वाहत होते. अम्मीला गाता येत नव्हतं, ती मांडीवर हात आपटत होती. तिनंही तिच्या काळी कुठल्यातरी कागदावर अंगठा दिला असणार. हमीददादा वळून आपल्या बायकोकडे बघत होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि गाणं चालूच ठेवलं.

दादांनी शालीची पुन्हा नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि मांडवाच्या मागच्या बाजूनं निघून गेले. सरपंचांनी मुलींच्या शिक्षणावर चार शब्द बोलून घाईनं नारळ दिला. जेवण मात्र झकास होतं.

दुसऱ्या दिवशी तालुक्यातली सगळी स्टेटसं गायब. पण आता गाणं खरं सुटलं होतं. मांडवातलं शूटिंग कुणीतरी टाकलं आणि ते पार कुठल्या कुठं गेलं. सासवडहून, वाईहून, नगरकडून बायकांचे फोन. कुणी रडायच्या, कुणी नुसत्या हसायच्या. काही भावांनी शिव्याही लिहिल्या आणि बाई त्या आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायच्या, कारण शिव्या देणाऱ्यानं निदान शेवटपर्यंत ऐकलेलं असायचं. पुण्याच्या समीक्षकांचाही फोन आला. फार सज्जन माणूस. त्यांनी विचारलं, "मॅडम, हे शेवटचं कडवं नंतर जोडलंत का?" बाई म्हणाल्या, "न्हाई वो. पयल्यापास्नं ते शेवटीच हाय."

आठवड्यानं हमीददादा शाळेत आले. स्टाफरूमच्या लाकडी बाकावर बसले. मी उठायला लागले तर बाईंनी माझी ओढणी धरून ठेवली.

"वरलं खाचर तुझ्या नावावर करून देतो," दादा जमिनीकडे बघत म्हणाले. "पर ते गाणं काढ मोबाईलमधनं. लोक दुकानात येऊन मला साडीचा भाव इचारत्यात."

बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "आदी सांग, तुला गाणं कसं वाटलं?"

"ते इचारू नगंस."

"मंग खाचर नगं. गाणं ऱ्हाऊ दे."

दादा उठले आणि गेले. बाई खिडकीशी उभ्या राहून त्यांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत बघत राहिल्या. मग माझ्याकडं वळल्या. "साळुंखेबाई, मी आत्ता खाचर घालवलं," म्हणाल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मला त्यांचा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला, की दोन्ही एकदम कसं सांभाळावं ते कळेना.

त्यानंतर रविवार मोकळेच गेले. बाई कधी माझ्याकडे बावधनला यायच्या, जेवायच्या आणि माझी आमटी कुठं कंटाळवाणी झाली ते सांगायच्या. अम्मी एसटीनं येऊन त्यांना भेटून जायची. ईदला हमीददादा आले नाहीत. भाभीनं अम्मीच्या हाती शिरखुर्मा पाठवला होता. बाईंनी तो सगळ्यांना वाटला, स्वतः घेतला नाही. त्या काळात त्यांनी एकही नवं गाणं केलं नाही. बुलबुलतरंग कपाटावर होता आणि मला शाळा एकदम फार मोठी आणि गप्प वाटायची.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. भाताच्या आवणीचे दिवस आले, म्हणजे रोप काढून खाचरात लावायचे. मधल्या सुट्टीत बाईंचा फोन वाजला. नाव बघून त्यांनी तो टेबलावरच ठेवला आणि स्पीकर सुरू केला, बहुधा एकटीनं ऐकायचा धीर नव्हता म्हणून. आम्ही सगळ्या टेबलाभोवती जमलो, कोंडाबाई दारात.

"वरल्या खाचरात चिखल करून ठेवलाय," पलीकडून हमीददादांचा आवाज आला. ना सलाम, ना खुशाली. "रोप तयार हाय. तुझ्या खाचराच्या आवणीला मी मानसं सांगायची का तू आनतीस?"

बाई फोनवर वाकल्या. "मी आनते."

"बरं." फोन ठेवला असं आम्हाला वाटलं. मग एकदम चिडका आवाज आला, "आन् त्या गाण्यात 'च्या पाजला' काय म्हनतीस गं? च्या मी पाजला व्हता! हापिसाभायेरच्या टपरीवर. तू कवा पाजला? खोटं कशाला लिवायचं?"

फोन बंद झाला. बाई उभ्या राहिल्या. चेहरा असा फुलला होता की मोठ्या बाईसुद्धा खुर्चीतून उठल्या. "ऐकलं का?" बाई ओरडल्या. "ऐकलं का तुमी? त्यानं शेवटपतूर ऐकलंय! निस्ता च्या चुकलाय म्हनतोय! बाकी सगळं खरं हाय म्हनाला!" कोंडाबाईंनी वेळ झालेली नसताना घंटा दिली आणि शाळा सुटली समजून पोरं फाटकाकडे धावली. त्यांना परत आत घालता घालता आमचा पुढचा तास गेला.

परीक्षणं पुढंही येत राहिली. कुणी या अल्बमला मातीचा सूर म्हटलं, कुणी आणखी काही. बाईंनी ती वाचली, ठेवली एकही नाही. कागदोपत्री खाचर त्यांच्या नावावर व्हायला बराच वेळ लागला, पण झालं. मी ती शाळा सोडून बावधनच्याच शाळेत आले. आता फोनवरच बोलणं होतं. त्यामुळे बाई म्हटलं की मला त्या आवणीच्या दिवशीच्याच दिसतात.

त्या रविवारी मी आणि कोंडाबाई पाच-सहा बायका घेऊन गेलो होतो. धरणावर धुकं उतरलं होतं. गाडी रस्त्यावर लावून आम्ही खाली बघितलं तर बाई गुडघाभर चिखलात, साडी खोचलेली, हातात रोपाची मूठ. बांधावर हमीददादा छत्री घेऊन उभे होते, आणि दोघांचं जोरात भांडण चाललं होतं.

"टपरीवरचा च्या गाण्यात बसत न्हाई, दादा!"

"मंग च्या काढून टाक. पर पाजला मीच!"

भाभी आणि अम्मी ओसरीत बसून हसत होत्या. आम्ही शेताच्या कडेकडेनं, कुणाच्या रोपावर पाय पडू नये म्हणून, दुसऱ्याच्या बांधावरून लांबचा वळसा घ्यायला निघालो. बाईंनी आम्हाला पाहिलं. रोपाची मूठ तशीच वर धरून त्या धरणाच्या पलीकडच्या काठालाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अवो साळुंखेबाई, तिकडनं कशाला? हितनं या! माझ्या खाचरातनं या!"